वर्गणीची पावती कोणाच्या नावावर?

महाराष्ट्रातील कोणत्याही लहान गावाच्या वेशीवर आता दोन गोष्टी हमखास आढळतात. एक मारुतीचे देऊळ आणि दुसरा एखाद्या योजनेचा फलक. देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात. कोणी ५१ रुपये दिलेले असतात, कोणी १०१. कोणी आईच्या स्मरणार्थ एक पायरी बांधून दिलेली असते, तर नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेलेल्या कोणी पहिल्या पगारातून घंटा पाठवलेली असते. फलकावरही नावे असतातच. योजनेचे नाव, मंजूर रक्कम, कार्यारंभाचा दिनांक, कंत्राटदाराचे नाव आणि लोकप्रतिनिधींची नामावली. गावाचेही नाव असते, पण ते 'लाभार्थी' या शब्दापुढे.

या दोन्ही वास्तूंचे पुढे काय होते, हेही सर्वांना ठाऊक आहे. देवळाला दर दोन-चार वर्षांनी रंग लागतो, ओटा खचला की तो दुरुस्त होतो, दिवा एकही दिवस विझत नाही. फलकामागची पाण्याची टाकी मात्र पाचव्या-सहाव्या वर्षी कोरडी पडते. पंप जळालेला असतो, नाही तर वीजबिल थकलेले असते. मग गावकरी म्हणतात, 'सरकारची योजना बंद पडली.' वादळात देवळाचा कळस कलला तर मात्र 'सरकारचा कळस कलला' असे कोणी म्हणत नाही. दुसऱ्याच दिवशी चार जाणती माणसे पाराशी जमतात आणि वर्गणीची वही उघडली जाते.

ग्रामविकासाविषयी शेकडो अहवाल लिहिले गेले, परिसंवाद झाले, अभ्यासदौरे निघाले. परंतु या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न या दोन वास्तूंच्या मधल्या अंतरात उभा आहे. एकच गाव, तीच माणसे. मग एका कामाविषयी एवढी आस्था आणि दुसऱ्याविषयी एवढी अलिप्तता का?

निधीचा ओघ

पूर्वी या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर होते. गावाकडे पैसाच नाही, मग विकास होणार कसा? काही दशकांपूर्वी ते बऱ्याच अंशी खरेही होते. ग्रामपंचायतीची तिजोरी घरपट्टीवर आणि बाजाराच्या वसुलीवर कशीबशी चाले. तीही वसूल झाली तर.

हे चित्र बदलले आहे. २४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले. त्यापाठोपाठ हळूहळू पैसाही गावाकडे वळू लागला. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशभरातील ग्रामपंचायतींकरिता २ लाख कोटी रुपयांहून अधिक अनुदानाची शिफारस केली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपये सुचवले आणि त्यातील ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता या कामांशी बांधून ठेवला. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले. त्यातलाही काही भाग खेड्यांकडे येतो. जागतिक बँकेसारख्या संस्थांचे अर्थसाहाय्य आहे, केंद्राच्या योजना आहेत, राज्याच्या योजना आहेत, आमदार-खासदारांचा निधी आहे.

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्या सगळ्यांची गरज भागेल एवढा हा पैसा आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु 'पैसाच नाही' हे उत्तर आता अपुरे पडते. पैसा वेशीपर्यंत आला आहे. त्याला सामोरे जायला वेशीवर गाव उभे आहे का, हा आजचा प्रश्न आहे.

दहा टक्के वाचले, हक्क गेला

केवळ अनुदान ओतून गाव सुधारत नाही, हे शासनालाही उमगले होते. म्हणूनच 'लोकवर्गणी' या तत्त्वाला योजनांमध्ये स्थान मिळाले. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००३ मध्ये महाराष्ट्रात 'जलस्वराज्य' प्रकल्प सुरू झाला. त्यात पाणी योजनेच्या भांडवली खर्चाचा १० टक्के वाटा गावाने आणि आदिवासी भागात ५ टक्के वाटा लोकांनी उचलावा, अशी अट होती. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशननेही गावांतर्गत कामांसाठी हेच सूत्र ठेवले. साधारण गावांत १० टक्के; डोंगराळ, वनक्षेत्रातील आणि अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत ५ टक्के. ही वर्गणी रोखीने द्यावी, वस्तुरूपाने द्यावी किंवा श्रमाने द्यावी, अशी मुभाही आहे.

या दहा टक्क्यांवाचून शासनाचे काही अडते असे नाही. नव्वद टक्के देणाऱ्याला शंभर टक्के देणे अशक्य नसते. पण ज्याने आपल्या कनवटीचा रुपया काढून दिला, तो खंदक किती खोल खणला हे वाकून पाहतो. नळ कोणत्या जाडीचा टाकला हे विचारतो. पाणी वाया गेले तर हळहळतो. दहा टक्के ही रक्कम लहान, पण तिच्यातून मिळणारा अधिकार मोठा, हे त्यामागचे साधे सूत्र.

व्यवहारात मात्र अनेक गावांत एक उघड गुपित असते. लोकवर्गणी लोक भरतच नाहीत, ती कंत्राटदार भरतो! कागदावर शंभर-दीडशे पावत्या फाडल्या जातात, बँकेत रक्कम जमा होते, ठराव होतो आणि पहिला हप्ता सुटतो. गावपुढारी म्हणतात, 'लोकांना तोशीस नको.' लोकही मनातून सुखावतात. कोणाच्याच खिशाला चाट बसलेली नसते.

पण कंत्राटदार काही दानधर्म करायला गावात आलेला नसतो. भरलेले दहा टक्के तो व्याजासह वसूल करतो. तीन फूट खोल जायचा नळ दीड फुटावर जातो, सिमेंटचे प्रमाण उतरते, टाकीला पहिल्याच उन्हाळ्यात तडे जातात. तेव्हा ग्रामसभेत उठून विचारायचे कोणी? ज्यांनी विचारायचे त्यांची वर्गणी त्यानेच भरलेली असते. गावाने दहा टक्के वाचवलेले असतात आणि शंभर टक्क्यांवरचा हक्क गमावलेला असतो.

पाणी समितीची कथाही अशीच. तिच्यात निम्म्या महिला असाव्यात, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. ज्या माऊलीच्या डोक्यावर हंडा आहे तिलाच पाण्याचे मोल ठाऊक असणार. पण कित्येक ठिकाणी समितीचे कागद सहीसाठी घरी जातात आणि चुलीपुढे बसलेली सदस्या पतीने दाखवलेल्या जागी सही करते. नियम पाळला जातो, त्यातला आशय मात्र हरवतो.

सप्ताहाचा हिशेब

'गावकरी गरीब आहेत, ते वर्गणी कोठून देणार?' असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याचे उत्तर त्याच गावात दरवर्षी होणाऱ्या अखंड हरिनाम सप्ताहात सापडते.

सात दिवस पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत कार्यक्रम चालतो. काल्याच्या दिवशी पंचक्रोशी जेवते. मंडप, कीर्तनकारांचे मानधन, पंगतींचा शिधा या सर्वांचा खर्च मोठा असतो आणि तो गाव उचलते. कोणी रोख देतो, कोणी गव्हाचे पोते, कोणी डाळ, कोणी एका पंगतीचा खर्च. ज्याच्याकडे काहीच नाही तो सात दिवस पाणी वाहतो, वाढपी होतो, उष्टी काढतो. त्याचाही वाटा वर्गणीइतकाच मानाचा समजला जातो. शेवटी देवळात सगळ्यांसमक्ष हिशेब वाचला जातो. एखाद्या किरकोळ रकमेचा मेळ बसला नाही तरी म्हातारी माणसे वाचणाऱ्याला थांबवतात. या हिशेबाला सनदी लेखापाल लागत नाही की लेखापरीक्षणाचा आक्षेप.

आता दुसरा हिशेब पाहू. समजा, तीनशे उंबऱ्यांच्या एका गावात पाणी योजनेच्या गावांतर्गत कामाचा खर्च ६० लाख रुपये आहे. त्याचे १० टक्के म्हणजे ६ लाख. घरटी वाटा २ हजार रुपये. तोही एकरकमी नाही, तर वर्षभरात आणि श्रमानेही फेडता येणारा. जे गाव सप्ताह पार पाडते, देवळाचा जीर्णोद्धार करते, यात्रेत कुस्त्यांचा फड भरवून इनामे वाटते, त्या गावाला ही रक्कम अशक्य आहे असे म्हणणे, हा त्या गावाचा अपमान आहे.

याचा अर्थ सप्ताह बंद करून ते पैसे नळाला द्यावेत, असा काही सुधारकी थाटाचा उपदेश करायचा नाही. तसा उपदेश करणाऱ्यांना गाव कधी कळलेच नाही. सप्ताह हीच गावाची खरी पाठशाळा आहे. एकत्र येणे, आपापल्या ऐपतीप्रमाणे देणे, उघड हिशेब ठेवणे आणि काम पार पडल्यावर श्रेय देवाच्या पायाशी ठेवणे, या चारही गोष्टी गाव तेथे शिकते. संत गाडगेबाबांनी हे ओळखले होते. दिवसा हातात खराटा आणि रात्री मुखी कीर्तन, हा त्यांचा क्रम होता. स्वच्छता आणि भक्ती यांत त्यांनी भिंत घातली नाही. त्यांच्याच नावाने २०००-०१ मध्ये राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. तेव्हा आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री होते. आधी अनुदान आणि मग काम, या रूढ क्रमाऐवजी आधी गावाने काम करावे आणि मग पुरस्कारासाठी उभे राहावे, असे त्याचे स्वरूप होते. त्या काळात पुढारी आणि शिक्षक खराटे घेऊन रस्त्यावर उतरलेले गावोगाव दिसले. पुढच्या काळात शौचालयांसाठी अनुदाने वाढत गेली. स्वच्छ भारत अभियानात ती प्रत्येकी १२ हजार रुपयांपर्यंत पोहोचली. लाखो कुटुंबांची, विशेषतः माताभगिनींची, त्यातून मोठी सोय झाली. तरीही काही घरांत त्याच खोलीत गोवऱ्या आणि सरपण रचलेले दिसले, हेही विसरता येणार नाही. भिंत अनुदानातून उभी राहते, सवय राहत नाही.

आधी गाव, मग निधी

ज्या गावांची नावे आदराने घेतली जातात त्यांचा इतिहास पाहिला, तर एक क्रम स्पष्ट दिसतो. लष्करातून निवृत्त झालेले अण्णा हजारे १९७५ मध्ये राळेगणसिद्धीला परतले. त्यांच्या कामाची सुरुवात कोणत्याही प्रकल्प-प्रस्तावाने झाली नाही. स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे घालून त्यांनी यादवबाबांच्या मोडकळीस आलेल्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. लोक मंदिरात जमू लागले, बोलू लागले, दारूच्या भट्ट्यांविषयी आणि पाण्याविषयी विचार करू लागले. पाणलोटाची कामे व शासकीय योजना त्यानंतर आल्या. अण्णांच्या पुढील काळातील आंदोलनांविषयी मतभेद असू शकतात. परंतु राळेगणचा हा धडा निर्विवाद आहे.

त्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे गाव. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने प्रथम शाळेकडे आणि श्रमदानाकडे लक्ष दिले. आदर्शगाव योजनेत त्याची निवड झाली ती १९९४ मध्ये. त्या योजनेची पंचसूत्री म्हणजे श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि कुटुंबनियोजन. यातली एकही गोष्ट निविदा काढून होण्यासारखी नाही. योजनेतून पाणलोटाच्या कामावर झालेला खर्च आजच्या हिशेबाने डोळे दिपवणारा नव्हता. पण बंधाऱ्यांत पाणी साठल्यावर गावाने जो निर्णय घेतला तो कोणत्याही अनुदानाहून मोलाचा होता. शेतीसाठी विंधनविहीर घ्यायची नाही, उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही आणि दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवायची. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती खरे म्हणजे या संयमाला होती.

हा संयम नसेल तर काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. शासनाच्या किंवा संस्थेच्या पैशातून बंधारा होतो, भूजल वर येते आणि ज्याची ऐपत आहे तो चारशे-पाचशे फूट खोल विंधनविहीर घेऊन ते उपसून टाकतो. बंधारा सर्वांचा, पाणी एकाचे! २०१४च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात असंख्य गावांत मोठे काम झाले, लोकही उत्साहाने उतरले. तरीही भूजल पातळी वाढवण्यात अभियानाचा परिणाम अल्प राहिला, असा ठपका महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या अहवालाने ठेवला. त्या अहवालासाठी तपासलेल्या कामांची संख्या अगदी अपुरी होती, हा प्रतिवाद झाला आणि त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु सरकार कोणत्याही पक्षाचे असो, एक नियम बदलत नाही. पाणी अडवण्यासाठी निधी मिळतो. पाणी राखण्यासाठी गावालाच स्वतःवर बंधन घालावे लागते.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा या छोट्या वनवासी पाड्याने हेच बंधन जंगलाबाबत घालून घेतले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी येथील डोंगर उघडे पडले होते आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण होती. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतलेला चैत्राम पवार हा तरुण शहरात नोकरी न शोधता पाड्यातच राहिला. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांची त्याला साथ मिळाली. पाड्याने बैठका घेऊन नियम केले, झाड तोडणाऱ्याला दंड ठरवला, राखणदारी स्वतःकडे घेतली आणि चारशे हेक्टरांहून अधिक जंगल पुन्हा उभे केले. जंगलापाठोपाठ पाणी आले, पाण्यापाठोपाठ दुसरे पीक आले आणि पोटासाठी बाहेर जाणारी माणसे घरी राहू लागली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीने त्या कामाचा गौरव केला आणि २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली. योजना, पुरस्कार, अभ्यासक हे सगळे बारीपाड्यात आले. पण ते उभ्या राहिलेल्या जंगलाकडे आले. जंगल उभे करायला त्यांची वाट पाहिली गेली नाही.

परंपरा नवी नव्हे

याच साक्री परिसरातून वाहणाऱ्या पांझरा नदीवर आणि खानदेश-नाशिक पट्ट्यातील मोसम, आरम यांसारख्या नद्यांवर काही शतकांपूर्वीपासून 'फड' पद्धती चालत आली आहे. नदीवर बंधारा घालायचा, पाटाने पाणी न्यायचे, लाभक्षेत्राचे तीन-चार फड पाडायचे आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सर्वांनी मिळून ठरवायचे. एका फडातील सर्वांचे पीक एकच. पुढच्या वर्षी ते बदलायचे. पाणी देणारा पाटकरी, रखवाली करणारा जागल्या, त्यांच्यावर पंच. पाटाची सफाई आणि बंधाऱ्याची डागडुजी शेतकऱ्यांनीच करायची. आधुनिक ग्रंथांत 'सहभागी सिंचन व्यवस्थापन' या भारदस्त नावाने जे शिकवले जाते, ते आपल्या शेतकऱ्याने पदवी न घेता शतकानुशतके चालवले.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडताना समाज हा स्वयंभू आहे आणि राज्य ही त्याच्या अनेक संस्थांपैकी एक संस्था आहे, असे प्रतिपादन केले होते. फड, गावतळे, बारव, धर्मशाळा ही या विचाराची दगडमातीतली उदाहरणे. राजसत्तेने हात दिला नाही असे नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी देशभर घाट आणि विहिरी बांधल्या. पण ते समाजाने आपले मानून राखले. इंग्रजी अमदानीत जंगल सरकारचे झाले, पाणी सरकारचे झाले आणि गावकरी हा अर्जदार झाला. स्वातंत्र्यानंतर अर्जदाराचा 'लाभार्थी' झाला, एवढाच काय तो फरक. दोन्ही शब्दांत हात पसरलेलाच आहे.

दोन आक्षेप

या विचारावर दोन आक्षेप येतात आणि ते दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा की, मुंबई-पुण्याच्या नागरिकाकडून धरणासाठी कोणी लोकवर्गणी मागत नाही. मग ती गरीब खेड्याकडूनच का? प्रश्न रास्त आहे. शहरी मध्यमवर्गाने तो स्वतःला विचारावा आणि गावाकडून आलेल्या पाण्याचे ऋण ध्यानात ठेवावे. नोकरीनिमित्त शहरात आलेल्यांनी आपल्या मूळ गावाच्या वर्गणीत आपली पावती आहे का, हेही पाहावे. पण शहरातील नळ बिघडला तर दुरुस्तीला महापालिकेची यंत्रणा आहे, गावात ती नाही. तेथे गाव हीच यंत्रणा आहे. म्हणून वर्गणी हा गावावरील दंड ठरू नये. ऐपतीप्रमाणे असावी, विधवा आणि भूमिहीनांना रोखीतून सूट असावी आणि त्यांचे श्रम रुपयाच्या तोलाचे मानले जावेत. सप्ताहात हे होते, तर योजनेत का होऊ नये?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. 'गाव' म्हणजे नेमके कोण? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर प्रहार केला. संकुचितपणा आणि अज्ञान यांचे आगर म्हणून त्यांनी खेड्याकडे बोट दाखवले. ज्यांना चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या नेत्याचा तो अनुभव होता. त्यावर रागावण्याचे कारण नाही, त्याला उत्तर देण्याची जबाबदारी आहे. आजही नळाचा शेवटचा फाटा कोणत्या वस्तीत संपतो आणि तेथे किती दाबाने पाणी पोहोचते, हे पाहिले की गावाची खरी प्रकृती कळते. सप्ताहाच्या पंगतीत कोण कोठे बसतो, यावरूनही ती कळते. 'एक पाणवठा, एक मंदिर, एक स्मशान' हा आग्रह संघाने धरला आहे तो याच कारणाने. ज्या गावात वर्गणी सर्वांची आणि पाणी काहींचे, तेथे गाव नाही, केवळ लोकवस्ती आहे. समरसतेवाचून लोकसहभाग ही प्रबळांची सोय ठरते.

आरसा आपल्यासाठीही

हे सारे शासनाला आणि गावपुढाऱ्यांना सुनावून मोकळे होणे सोपे आहे. पण सेवाक्षेत्रातील संस्थांनी, त्यात राष्ट्रीय विचाराच्या संस्थाही आल्या, हा आरसा स्वतःसमोरही धरला पाहिजे. कंपन्यांचा निधी उपलब्ध झाल्यापासून सेवाकार्याचा वेग वाढला, आवाका वाढला, हे स्वागतार्ह आहे. पण त्याबरोबर तीन वर्षांच्या मुदतीचे प्रकल्प आले, तिमाही अहवाल आले, उद्घाटनाची छायाचित्रे आणि 'लाभार्थी संख्या' आली. कार्यकर्त्याचा समन्वयक झाला, बैठकीचे प्रशिक्षण झाले. प्रकल्प संपला की समन्वयक दुसऱ्या जिल्ह्यात जातो आणि गावात उरतो तो एक फलक. शासनाच्या फलकाशेजारी आणखी एक!

नानाजी देशमुखांनी चित्रकूटच्या परिसरात काम उभारताना 'समाजशिल्पी दांपत्य' ही कल्पना रुजवली. सुशिक्षित पती-पत्नींनी गावातच जाऊन राहायचे, गावकऱ्यांच्या सुखदुःखात मिसळायचे, तंटे गावातच मिटवायचे आणि लोकांनाच आपल्या विकासाचे कर्ते करायचे. हिंगोली जिल्ह्यातील कडोली या खेड्यात जन्मलेल्या आणि राजकारणाच्या शिखरावरून स्वेच्छेने उतरून खेड्याकडे वळलेल्या या माणसाने क्रम सोडला नाही. आधी माणूस जातो, मग विश्वास येतो, मग काम येते, सर्वांत शेवटी पैसा. हा क्रम उलटला की सेवेचे रूपांतर वाटपात होते.

दूध असेल तर चमचाभर विरजणाने भांडेभर दही लागते. अनुदानाचे काम विरजणाचे आहे. रिकाम्या भांड्यात कितीही विरजण घातले तरी ते आंबूनच जाते.

तीन प्रश्न

म्हणून ज्या कार्यकर्त्याचा एखाद्या गावाशी संबंध आहे, ज्या कुटुंबाचे मूळ एखाद्या गावात आहे, त्याने नवी योजना येताच ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत. लोकवर्गणी कोणी भरली आणि तिची यादी देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीवर लावाल का? या योजनेसाठी गाव स्वतःवर कोणते बंधन घालून घेणार आहे? आणि पाच वर्षांनी पंप जळेल, तेव्हा दुरुस्तीचे पैसे कोणत्या खात्यात असतील?

या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर योजना थोडी उशिरा आली तरी चालेल. उत्तरे मिळाली नाहीत, तर ती योजना स्वीकारण्याची घाई न करणे हेच गावाच्या हिताचे. असे म्हणणारा कार्यकर्ता काही काळ अप्रिय होईल. 'आलेला निधी परत घालवला' असा ठपकाही त्याच्यावर येईल. पण राळेगणला, हिवरे बाजारला, बारीपाड्याला सुरुवातीची वर्षे कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

वेशीवरच्या त्या फलकाच्या शेजारी उद्या आणखी एक लहानशी पाटी लागली पाहिजे. तिच्यावर कंत्राटदाराचे नाव नको, पुढाऱ्याचे नको. तिच्यावर गावातील प्रत्येक उंबऱ्याचे नाव असावे. कोणापुढे दोन हजार रुपये, कोणापुढे ज्वारीचे पोते आणि कोणापुढे बारा दिवसांचे श्रम. ज्या दिवशी ती पाटी देवळाच्या पायरीइतकी अभिमानाने जपली जाईल, त्या दिवसापासून टाकी कोरडी पडली तरी 'सरकारची योजना बंद पडली' असे गाव म्हणणार नाही. संध्याकाळी चार जाणती माणसे पाराशी जमतील आणि वही उघडतील.